कारागीर आणि त्याचीं हत्यारें

(नभोवाणीवरील भाषण)

एखाद्या कारागिराची परीक्षा करावयाची असेल, तर त्याच्या हातांतील हत्यारें पाहावीं, असें जुनीं माणसें म्हणत. त्यांत मी एका प्रश्नाची भर घालूं इच्छितों. तीं हत्यारें बिघडलीं, तर दुरुस्त करण्याचा अधिकार कोणाचा? विळा बोथट झाला, तर शेतकरी तो लोहाराकडे नेऊन धार लावून घेतो. मूठ सैल झाली, तर घरींच नवी बसवितो. त्यासाठीं विळा बनविणाराची परवानगी काढावी लागत नाहीं. संगणकाच्या जगांत मात्र ही साधी गोष्ट मोठ्या वादाचा विषय होऊन बसली आहे. त्या वादाविषयीं, एका लहानशा कारागिराच्या दृष्टीनें, चार शब्द बोलण्याचें आज योजिलें आहे.

माझा धंदा वेबसाईटी बनविण्याचा. नोकरी कोणाची नाहीं. काम येईल तसें घ्यावयाचें आणि पुरें करून द्यावयाचें. ठाणें जिल्ह्यांतील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांत माझीं बहुतेक गिऱ्हाइकें आहेत. माहुली किल्ल्याच्या पायथ्याशीं मुंबईकरांना उतरावयास जागा देणारा शेतकरी, भाताची गिरणी चालविणारा गृहस्थ, एखादी शाळा, एखादी पतपेढी, अशी ही मंडळी. यांच्यापाशीं दरवर्षीं परदेशी कंपनीला भाडें भरण्याइतका पैसा नसतो. पावसाळ्यांत वीज केव्हां जाईल याचा नेम नाहीं, आणि डोंगराच्या कुशींतल्या पाड्यावर मोबाईलचें जाळें मिळालें तर मिळालें. अशा ठिकाणीं हत्यार हलकें हवें, टिकाऊ हवें, आणि मोडलें तर मला येथेंच बसून दुरुस्त करतां आलें पाहिजे.

सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला दिलेल्या आज्ञांची जंत्री. ती प्रथम माणसाला वाचतां येईल अशा रूपांत लिहितात. तिला सोर्स कोड म्हणतात. मग ती यंत्राला समजेल अशा रूपांत उतरविली जाते. पुष्कळ कंपन्या हें दुसरें रूप तेवढें विकतात आणि पहिलें कुलपांत ठेवतात. लोणच्याची बरणी मिळते, पण कृति मिळत नाहीं. इतकेंच नव्हे, तर वरून चिमूटभर मीठ घालण्यासही मनाई असते. मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना याउलट चार अधिकार देतो. वस्तु हवी तशी वापरावी, तिची घडण वाचावी, ती बदलावी, आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्यास द्यावी.

ही चळवळ आकाशांतून पडलेली नाहीं. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ नांवाचा प्रकल्प जाहीर केला. पुढें १९८९ सालीं त्यांचा असा परवाना निघाला कीं, त्याखालीं दिलेली वस्तु ज्याच्या ज्याच्या हातीं जाईल, त्याला हेच अधिकार पोंचले पाहिजेत. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लायनस टॉरव्हल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा पाया घातला. ३० एप्रिल १९९३ रोजीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेनें टिम बर्नर्स-ली यांनीं रचलेल्या वेबची मूळ सामग्री सर्वांना खुली केली. ती खुली झाली नसती, तर माझ्यासारख्याचा धंदा जन्मासच आला नसता.

ज्या वर्डप्रेसवर मी शाळांच्या व दुकानांच्या वेबसाईटी उभारतों, त्याची हकीकत तर फारच बोधप्रद आहे. मिशेल वाल्द्रिगी या गृहस्थांनीं ‘बी-टू’ नांवाचें एक साधन तयार केलें होतें. कांहीं काळानें त्या कामांतून ते दिसेनासे झाले. साधन कुलपांतलें असतें, तर तें तेथेंच संपलें असतें. पण परवाना मुक्त होता; म्हणून मॅट मुलेनवेग व माइक लिटल या दोघां वापरणाऱ्यांनीं तेंच पुढें चालविलें आणि २००३ सालीं वर्डप्रेस निघालें. धनी गेला, पण आऊत राहिलें.

आमच्या शहापूर तालुक्यांत तानसा व भातसा हीं धरणें आहेत. तानशाचें पाणी १८९२ सालापासून मुंबईस जात आहे. आपण ऐकतां ऐकतां जो पेला ओठाला लावला असेल, त्यांतलें पाणीही कदाचित् आमच्याच डोंगरांतलें असेल. आणि त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बायाबापड्या टँकरची वाट पाहत बसलेल्या असतात. उगम उशाशीं, पण हक्क दुसऱ्याचा! मुक्त सॉफ्टवेअरमध्यें मला याच्या नेमकें उलटें दृश्य दिसतें. साधन बनविणारा बर्लिनमध्यें असो वा बंगळुरांत, त्याच्या उगमावर शहापूरच्या मुलाचा हक्क त्या बनविणाऱ्याइतकाच आहे. आमच्याकडच्या माणसाला समान हक्कानें हातीं लागलेल्या गोष्टी फार थोड्या आहेत. म्हणून ही एक मला मोलाची वाटते.

आतां प्रश्न आपल्या मराठी अक्षरांचा. मुरबाडकडून जुन्नरकडे चढणाऱ्या नाणेघाटाच्या लेण्यांत सातवाहनकालीन ब्राह्मी लेख आहे. त्यांत यज्ञांच्या दक्षिणेचे आंकडेही कोरलेले आहेत. मध्यंतरीं ही लिपि लोक विसरून गेले होते. तरीही जेम्स प्रिन्सेप यांनीं १८३७ सालच्या सुमारास ब्राह्मी उलगडली, आणि उघड्या दगडावरचा हा लेख दोन हजार वर्षांनंतर विद्वानांना वाचतां आला. उलट, तीस वर्षांपूर्वीं संगणकावर टाइप केलेला मराठी मजकूर आज वाचतां येत नाहीं, असें अनेक घरांत आढळेल.

याचें कारण असें. त्या काळीं मराठी फॉन्ट विकणारा जो तो आपल्या मर्जीप्रमाणें इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी अक्षरें बसवीत असे. फॉन्ट गेला कीं मजकूर म्हणजे चिन्हांचा निव्वळ कचरा. माझ्याकडे एक वृद्ध शिक्षक असेंच काम घेऊन आले. धरणाखालीं गेलेल्या आपल्या गांवाची हकीकत त्यांनीं त्या काळीं टाइप करून ठेविली होती. घराण्यांचीं नांवें, शेतांचीं नांवें, आवणीच्या वेळीं बायका म्हणत तीं गाणीं, सारें त्यांत होतें. तें सॉफ्टवेअर संगणकाला जोडावयाच्या एका किल्लीवांचून उघडत नसे. किल्ली हरवली होती, आणि विकणारानें धंदा केव्हांच गुंडाळला होता. गांव एकदां पाण्याखालीं गेलें होतें. आतां दुसऱ्यांदा बुडण्याच्या बेतांत होतें.

सुदैवानें कांहीं छापील पानें त्यांच्यापाशीं शिल्लक होतीं. तीं समोर ठेवून, कोणतें चिन्ह कोणत्या अक्षराचें याचें कोष्टक मीं तयार केलें, आणि अशाच कामासाठीं दुसऱ्यांनीं लिहिलेल्या मुक्त प्रोग्रामांच्या आधारें मजकूर युनिकोडमध्यें आणला. जोडाक्षरांनीं फार छळलें. तेथें गुरुजी स्वतः शेजारीं बसून अडलेला शब्द आठवून सांगत. कोष्टक पुरें झाल्यावर तें मीं सर्वांसाठीं खुलें केलें. पुढें एका अनोळखी माणसानें त्यांतील दोन अक्षरें दुरुस्त करून पाठविलीं. शेतकऱ्यांत ज्याला इर्जीक म्हणतात, आज तुझ्या शेतावर सारे नांगर, उद्यां माझ्या, तीच ही रीत.

युनिकोडमध्यें देवनागरीला १९९१ सालीं पहिल्या आवृत्तींतच जागा मिळाली, आणि आज तिचा प्रत्येक अक्षराचा क्रमांक उघड व सर्वमान्य आहे. मुंबईच्या एक टाइप या अक्षरकारांच्या मंडळीनें ‘मुक्त’ व ‘बलू’ यांसारखे सुंदर देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखालीं दिले आहेत. मुंबईंतच घडलेलें ‘ईआरपीनेक्स्ट’ हें हिशेबाचें मुक्त साधन परदेशांतही वापरलें जातें. भारत सरकारनेंही २०१५ सालीं आपल्या कामांत मुक्त सॉफ्टवेअरला अग्रक्रम देण्याचें धोरण जाहीर केलें. तेव्हां ही केवळ पाश्चात्यांची नवलाई आहे, असें समजण्याचें कारण नाहीं.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘मुक्त’ म्हणजे ‘फुकट’ नव्हे. कोणाची तरी रात्र त्यांत खर्ची पडलेली असते. एप्रिल २०१४ मध्यें ओपनएसएसएल या साधनांत ‘हार्टब्लीड’ नांवाचा भयंकर दोष सांपडला. जगांतील बँकांची व दुकानांची गुप्तता ज्यावर उभी, तें साधन बोटांवर मोजण्याइतकीं माणसें तुटपुंज्या पैशांत सांभाळीत होतीं, हें तेव्हां जगाला कळलें. मग मोठमोठ्या कंपन्यांनीं हात सैल केले. मार्च २०१६ मध्यें एका कंटाळलेल्या लेखकानें आपला अवघ्या ११ ओळींचा प्रोग्राम काढून घेतला, तर हजारों प्रकल्प अडून पडले. मार्च २०२४ मध्यें तर ‘एक्सझेड’ या साधनांत विश्वास संपादन केलेल्या एकानें चोरदरवाजा बसविल्याचें उघडकीस आलें. तो सांपडला, कारण आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला अर्ध्या सेकंदाचा उशीर खटकला, आणि आंत डोकावून पाहावयास दार उघडें होतें. उघडेपणा हा सुरक्षिततेची हमी नाहीं. ती तपासण्याची संधि आहे, आणि तपासणारा कोणी तरी लागतो.

म्हणून मी कांहीं नियम घालून घेतले आहेत. पहिला असा कीं, गिऱ्हाइकाला मला सोडून जातां आलें पाहिजे. वेबसाईटचें नांव त्याच्या स्वतःच्या नांवावर नोंदवावें, किल्ल्या त्याच्या हातीं द्याव्या, सर्व मजकुराची प्रत त्याच्या घरीं असावी. नांव आपल्याकडे अडकवून वर्षानुवर्षें पैसे काढणारे कारागीर आमच्या धंद्यांत आहेत, हें खेदानें सांगावें लागतें. दुसरा नियम, पान इतकें हलकें असावें कीं पाड्यावरच्या जुन्या मोबाईलवर तें उघडावें. तिसरा, नव्या हत्याराच्या मागें धांवूं नये; दहा वर्षें टिकलेलें साधें हत्यार बरें. पैसे देऊन घेतलेलें हत्यार मला निषिद्ध नाहीं. काम सरस होत असेल आणि मजकूर परत काढून घेतां येत असेल, तर तेंही मी घेतों. हल्लीं कोड लिहून देणारीं कृत्रिम बुद्धीचीं यंत्रें आलीं आहेत. मी तीं वापरतों. पण जें वाचून मला स्वतःला समजत नाहीं, तें गिऱ्हाइकाच्या पदरांत घालीत नाहीं. आणि शेवटचा नियम परतफेडीचा. दोष आढळला तर कळवावा, मराठी भाषांतरांत हातभार लावावा, आणि वर्षाच्या मिळकतींतील कांहीं वांटा ज्यांच्या हत्यारांवर पोट भरतें त्यांना पाठवावा. पूर्वीं बलुतें धान्याचें असे, हें पैशाचें.

आपण शहरांतील सुशिक्षित मंडळी वेबसाईटी बनवीत नसाल. पण घरोघरीं पत्रें, फोटो, हिशेब, आजीच्या सांगितलेल्या ओव्या संगणकांत सांठवीत आहांच. नवें साधन घेतांना विकणाराला एवढाच प्रश्न विचारावा: उद्यां तुम्ही नसलां, तर माझें लिखाण माझ्या हातीं राहील ना? उत्तर देतांना तो चांचरला, तर पैसे खिशांतच ठेवावे. आणि जुन्या फॉन्टमध्यें लिहिलेलें कांहीं कपाटांत पडलें असेल, तर तें येत्या सुटींतच बाहेर काढावें. तें वाचून दाखवूं शकणारें माणूस घरांत आहे, तोंवरच हें काम सोपें आहे.