मोठ्या संघाचें बोलावणें

कृष्णा-वारणेच्या खोऱ्यांत कुस्ती आणि कबड्डी यांचा मान मोठा आहे. फुटबॉलचें वेड पाहावयाचें, तर इस्लामपुराहून कोल्हापुरास जावें लागतें. तेथें फुटबॉलचे संघही तालमींचींच नांवें मिरवितात. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हीं नांवें तेथील शाळकरी मुलांच्याही तोंडीं असतात. इस्लामपुराकडील एखादा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा अशा मैदानावर मध्यफळींत चमकूं लागतो आणि एके दिवशीं त्यास मोठ्या क्लबाचें बोलावणें येतें. घरांत आनंद होतो. परंतु त्यामागोमाग प्रश्नही येतो. कॉलेज अर्धवट टाकून त्यानें जावें काय? तेथें त्याचा निभाव लागेल काय?

या प्रश्नाचा विचार करतांना एक जवळचें उदाहरण आठवावें. कऱ्हाडाजवळील गोळेश्वरचे मल्ल खाशाबा जाधव १९४८ सालीं लंडनच्या ऑलिंपिकला गेले. त्यांची तयारी मातींतली, आणि तेथें कुस्ती गादीवर व नियमही निराळे. ते सहावे आले. चार वर्षांनीं हेलसिंकी येथें त्याच खाशाबांनीं कांस्यपदक मिळविलें. पहिल्या निकालावरून कोणी त्यांची किंमत कायमची ठरविली असती, तर तो निवाडा चुकला असता. आज किती येतें यापेक्षां नवें किती लवकर उचलतां येतें, आणि तें उचलण्यास अवधि मिळतो कीं नाहीं, याला अधिक महत्त्व आहे.

मध्यफळींतील खेळाडूची पारख विशेष अवघड आहे. आघाडीच्या खेळाडूचे गोल मोजतां येतात. पण याचें बरेचसें काम चेंडू जवळ नसतांनाच चालतें. म्हणून पारख करणारानें निदान पंधरा मिनिटें चेंडूवरची नजर काढून केवळ त्या मुलाकडे पाहावें. चेंडू येण्यापूर्वीं तो मान वळवून मागें-पुढें पाहतो काय? नॉर्वेचे संशोधक गायर योर्डेट यांनीं इंग्लंडमधील खेळाडूंचा अभ्यास करून दाखविलें आहे कीं, चेंडू मिळण्याआधीं जे वारंवार सभोंवार पाहतात, त्यांचे पास अधिक वेळां साधतात. लहान मैदानावर ही संवय नसली तरी चालून जातें, कारण विचार करण्यास वेळ मिळतो. मोठ्या संघांत तोच वेळ हिरावला जातो.

दुसरी गोष्ट चेंडूच्या पहिल्या स्पर्शाची. प्रतिस्पर्धी अंगावर आला असतां चेंडू मोकळ्या बाजूस वळतो, कीं पायांतच अडकतो? तिसरी गोष्ट चेंडू गमावल्यानंतरची. मुलगा हात झाडून उभा राहतो, कीं तत्काळ मागें धांवतो? हें शेवटच्या वीस मिनिटांत, चिखलांत, आणि संघ हरत असतांना पाहावें. घरच्या मैदानावर चार गोलांनीं जिंकलेल्या सामन्यांत सगळेच चांगले दिसतात. उंचीवरून मात्र घाईनें ठरवूं नये. फ्रान्सचा एन्गोलो कांते अवघा १६८ सेंटिमीटर उंचीचा; तो तिसऱ्या श्रेणींतील बूलोन्य, मग कां, मग इंग्लंडमधील लेस्टर अशा पायऱ्यांनीं वर चढला.

परंतु एवढ्यानें अर्धाच प्रश्न सुटतो. उरलेला अर्धा त्या क्लबासंबंधीं आहे. २०१६ सालीं लेस्टर संघ इंग्लंडचा विजेता ठरला, तेव्हां त्याच्या मध्यफळींत कांते आणि डॅनी ड्रिंकवॉटर हे दोघे शेजारीं खेळत होते. दोघेही एका वर्षाच्या अंतरानें चेल्सीकडे गेले. कांतेला पहिल्याच मोसमांत लीगचें विजेतेपद मिळालें. ड्रिंकवॉटरला चेल्सीकडून लीगचे अवघे १२ सामने खेळावयास मिळाले. पहिल्या संघांतील कीर्ति दोघांची एकच होती. दुसऱ्या संघांत दोघांसाठीं जागा मात्र सारखी नव्हती.

गोव्याच्या ब्रँडन फर्नांडिसचें उदाहरण याची दुसरी बाजू दाखवितें. १९९४ सालीं जन्मलेला हा मिडफील्डर कोंवळ्या वयांत केपटाउनच्या अकादमींत शिकला. इंग्लंडमधील क्लबांत त्याच्या चांचण्याही झाल्या, पण तेथें त्याचा जम बसला नाहीं. २०१७ सालीं तो एफसी गोवाकडे आला. त्याच वर्षीं सर्जिओ लोबेरा तेथें प्रशिक्षक झाले. लहान लहान पासांनीं चेंडू आपल्याकडे राखणें, हा त्यांच्या संघाचा परिपाठ होता. ब्रँडनच्या पासांना तेथें किंमत आली. १३ एप्रिल २०१९ रोजीं सुपर कपच्या अंतिम सामन्यांत गोव्यानें चेन्नईयिनला २-१ असें हरविलें. विजयाचा गोल ब्रँडनचा होता. त्याच वर्षीं तो भारताच्या संघांतही आला.

तेव्हां पालकांनीं मुलाची परीक्षा घ्यावीच. पण बोलावणाऱ्या क्लबासही चार प्रश्न विचारावे. मुलाच्या जागीं आज कोण खेळतो आणि तो आणखी किती वर्षें राहणार? संघाची खेळण्याची रीत कोणती? पहिल्या संघांत जागा नसल्यास दुसऱ्या संघांतून, किंवा तात्पुरतें दुसऱ्या क्लबाकडे देऊन, त्याला नियमित सामने मिळतील काय? पाय दुखावला तर उपचार कोण करील, आणि शिक्षण चालू राहील काय? याचीं उत्तरें लेखी मिळालीं तर उत्तम.

वर्षभर बांकावर बसून घरीं परतलेल्या मुलाला गांवांत 'तिकडे टिकला नाहीं' असें सहज म्हटलें जातें. तसें म्हणण्यापूर्वीं, त्याला प्रत्यक्ष किती मिनिटें खेळावयास मिळालीं, हें विचारावें. उत्तर अगदींच थोडें असेल, तर त्याची परीक्षा अजून झालेलीच नाहीं, असें समजावें.