आपले ‘बहादूर’ आणि त्यांच्या नावाचा शिक्षण निधी
(रौप्यमहोत्सवी समारंभात माजी खजिनदारांनी केलेले भाषण)



माझ्या मागच्या फलकावर एक नाव आहे. ते आज पहिल्यांदाच वाचणाऱ्यांनी हात वर करा बरं. लाजू नका, मीही त्यातलाच. बारा वर्षं मी त्यांच्या पगाराचं व्हाउचर केलं. त्यावर ते नेपाळीत सही करत. लिपी आपलीच, देवनागरी. पण ती वाचायचे कष्ट मी कधी घेतले नाहीत. नेपाळचा माणूस म्हणजे ‘बहादूर’, एवढंच आपलं ज्ञान.

ते सुदूरपश्चिम नेपाळातल्या अछाम जिल्ह्याचे. दोन वर्षांतून एकदा दसऱ्याच्या, म्हणजे त्यांच्या दशैंच्या, सुमारास गावी जायचे. रेल्वेने दिल्ली, बसने बनबसा, महाकाली ओलांडली की गड्डाचौकी, मग डोंगरातल्या बसेस आणि शेवटी पायपीट. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे व्हिसा लागत नाही, पण वाट काही कमी होत नाही. बायको आणि दोन मुली इथेच, पंपाशेजारच्या खोलीत. पहाटे पाचला व्हॉल्व्ह उघडायचे, टँकर मोजून घ्यायचे, ही खरं तर वॉचमनची कामं नव्हेत. आपण सांगितली, त्यांनी केली.

२६ जुलै २००५ सगळ्यांना आठवतो. पाणी गेटमधून आत आलं तेव्हा मीटर रूमचा मेन स्विच त्यांनी बंद केला, शाळेच्या बसमधली मुलं एकेक करून खांद्यावरून जिन्यापर्यंत आणली. त्यातली तिघंचौघं आज समोर बसली आहेत, स्वतःच्या पोरांना घेऊन. तेव्हा आपण त्यांना शाल-श्रीफळ दिलं.

मला मात्र २००९ सालचा जून आठवतो. थोरली मुलगी नववीत जायची होती. फी, पुस्तकं, गणवेश मिळून तीन हजार रुपये ॲडव्हान्स हवा होता. मी म्हणालो, “उपविधीत तरतूद नाही.” खरंच नव्हती. पण खिशातून देता आले असते, निदान कमिटीपुढे विषय ठेवता आला असता. ते “ठीक है साहेब” म्हणाले आणि पुन्हा कधीच काही मागितलं नाही. मुलीने शाळा सोडली. पुढे आपल्याच बी विंगमध्ये ती भांडी घासायला येऊ लागली. आमच्याकडेही यायची. हे मी या व्यासपीठावरून सांगू नये, असं सौ.चं म्हणणं होतं.

धाकटीला मात्र थोरलीच्या कमाईने बारावी करता आली, मग नर्सिंग. गेल्या वर्षी ते गेले तेव्हा ती रात्रपाळीवर होती.

आता निधीविषयी. मेंटेनन्सचा एक पैसाही यात नाही, सगळी ऐच्छिक वर्गणी. वेगळं खातं, वेगळी पावती. आपल्याकडे काम करणारे वॉचमन, सफाई कामगार, घरकामाच्या ताई, गाड्या धुणारी मुलं, यांच्या मुलांसाठी हा निधी आहे. नववीपासून पुढे, आयटीआय धरून. शिक्षण हक्क कायद्यात मोफत शिक्षण चौदाव्या वर्षापर्यंत. खरी अडचण नववीपासून सुरू होते. टक्क्यांची अट नाही, अधिवासाचा दाखला मागणार नाही. बाहेरून आलेल्यांकडे नेमके तेच कागद नसतात. फी थेट शाळेत भरू. कुणाला कमिटीपुढे हात जोडून उभं करायचं नाही, हे मी आग्रहाने नियमांत घालून घेतलं आहे.

एक सभासद म्हणाले, “नोकरमाणसाच्या नावाने निधी कशाला, सोसायटीच्या नावाने करू.” मतदान झालं, नाव राहिलं.

पावती क्रमांक १ धाकटीच्या नावाची आहे, पाचशे एक रुपये. थोरली आज पहिल्या रांगेत बसली आहे. अर्ज कुणाकुणाला द्यायचे याची यादी तिनेच करून दिली. बी विंगमधल्या दोन ताईंची मुलं यंदा नववीत जातात. बाकीचे अर्ज रविवारी दहा ते बारा, ऑफिसात मिळतील.