मसाल्याच्या डब्यांतील दोन सृष्टी



आपल्याकडील जुन्या ग्रंथांनीं सजीवांच्या चार खाणी मानल्या आहेत: जरायुज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज्ज. गाय जरायुज, पक्षी अंडज, ऊ स्वेदज, आणि भूमि फोडून वर येणारें झाड उद्भिज्ज. जीव जन्मतो कसा, हा या विभागणीचा पाया होता. युरोपांत लिनियस या स्वीडिश पंडितानें १७३५ सालीं निसर्गाचीं खनिज, वनस्पति व प्राणी अशीं तीन राज्यें ठरविलीं. मराठी पाठ्यपुस्तकांत या राज्यांना ‘सृष्टि’ म्हणतात. खनिजें निर्जीव, तीं वगळलीं म्हणजे सजीवांच्या दोनच सृष्टी उरल्या. जें हालतें आणि खातें तें जनावर, व जें एका जागीं राहून वाढतें तें झाड, असा सोपा हिशेब पुष्कळ काळ चालला.

या हिशेबाची परीक्षा पाहावयाची असेल, तर भर पावसाळ्यांत कल्याणच्या पुढील विठ्ठलवाडी स्थानकाच्या आसपास डोळे उघडे ठेवून फिरावें. वालधुनी नदीच्या बाजूच्या ओलसर भिंतींवर हिरवें शेवाळ धरतें. तें झाडांच्या पंक्तीस बसविण्यास कोणी हरकत घेणार नाहीं. परंतु कुजक्या फळीवर उगवणारें भूछत्र आणि घरांतील शिळ्या भाकरीवरची बुरशी यांना कोठें बसवावें? तीं जागचीं हालत नाहींत, एवढ्यावरच त्यांना दोनशें वर्षें वनस्पतींत घातलें गेलें. त्यांच्यांत हरितद्रव्याचा अंशही नाहीं. झाड उन्हाच्या बळावर स्वतःचें अन्न तयार करतें. प्राणी अन्न गिळून पोटांत पचवितो. बुरशी मात्र आपला पाचक रस अन्नावर सोडून तें बाहेरच पचविते आणि मग शोषून घेते. तिच्या पेशींच्या भिंतींत कायटिन असतें, म्हणजे कोळंबीच्या व खेकड्याच्या कवचांतलें द्रव्य. शिलकेचें अन्नही ती, आपल्या यकृताप्रमाणें, ग्लायकोजेनच्या रूपानें सांठविते.

दोन सृष्टी पुरत नाहींत हें जर्मन शास्त्रज्ञ हेकेल यानें ओळखलें, आणि १८६६ सालीं त्यानें सूक्ष्म जीवांसाठीं तिसरी सृष्टि सुचविली. पुढें अमेरिकेंतील रॉबर्ट व्हिटाकर यानें १९६९ सालीं पांच सृष्टी मांडल्या. पेशींत केंद्रक नसलेले जीवाणू मोनेरांत. केंद्रक असलेले बहुतेक एकपेशीय जीव प्रोटिस्टांत. आणि त्यांच्या पुढें कवक, वनस्पति व प्राणी. बुरशीला स्वतःचें घर मिळालें तें असें.

या घरांची सरमिसळ गृहिणीच्या मसाल्याच्या डब्यांतही सांपडते. गोड्या मसाल्यांतलें दगडफूल एकच जिन्नस दिसतें. पण त्यांत एक कवक आणि एक शैवाल असे दोन जीव एकत्र नांदतात. कवक आसरा देतें व ओल धरून ठेवतें. शैवाल उन्हावर अन्न तयार करतें. स्विस शास्त्रज्ञ श्वेंडेनर यानें १८६७ सालीं हें जोडजीवन मांडलें, तेव्हां त्या विषयांतील कित्येक जाणत्यांनींच त्याला विरोध केला.

कोणी म्हणेल, नांव कोणतेंही द्या, वस्तु तीच राहते. वस्तु तीच राहते, पण औषध बदलतें. पेनिसिलिन जीवाणूंची भिंत बांधूं देत नाहीं. बुरशीला त्या जातीची भिंतच नसल्यामुळें नायट्यावर तें कितीही दिलें तरी गुण येत नाहीं. त्यांतून बुरशी ही झाडांपेक्षां प्राण्यांची जवळची आप्त आहे, असें १९९३ सालीं रेणूंच्या तुलनेवरून पुढें आलें. शत्रु आपल्याच भाऊबंदकींतला निघाला, म्हणजे त्याला मारणारें विष आपल्यालाही बाधण्याचा संभव असतो. २०२१ सालीं करोनाच्या सांथींत महाराष्ट्रांत म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले, तेव्हां अँफोटेरिसिनच्या कुप्यांसाठीं नातेवाइकांची धांवाधांव झाली. आणि तें औषध मूत्रपिंडांना अपाय करणारें असल्यानें मिळाल्यावरही जपून द्यावें लागलें.

नाशिक-सांगलीकडील द्राक्षबागायतदार हाच धडा खर्च करून शिकतो. वेलीवर भुरी पडते, तसा केवडाही पडतो. दोहोंची पांढुरकी बुरशीच दिसते. भुरी खरोखर कवक आहे. केवडा कवक नव्हे. त्याच्या पेशींच्या भिंतींत सेल्युलोज असतें आणि त्याचें नातें समुद्रांतील तपकिरी शैवालांशीं जुळतें. कवकांतील एर्गोस्टेरॉल तयार होऊं न देणारीं औषधें भुरीवर चालतात. केवडा तें द्रव्य तयारच करीत नाहीं, म्हणून त्याच्यावर तीं फुकट जातात. सृष्टि ओळखण्यांत चूक झाली, कीं फवारणीचा पैसाही गेला आणि घडही गेले.

व्हिटाकरचीं पांच घरेंही कायम राहिलीं नाहींत. गोबर गॅसच्या टांकींत मिथेन वायु करणारे जीव दिसावयास जीवाणूंसारखे असतात. परंतु अशा जीवांची कुळी अगदीं निराळी आहे, असें कार्ल वोज व जॉर्ज फॉक्स यांनीं १९७७ सालीं दाखविलें. त्या कुळीला आर्किया म्हणतात. २०१५ सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं सात सृष्टींची यादी प्रसिद्ध केली. तींत केवड्याला क्रोमिस्टा नांवाच्या सृष्टींत जागा मिळाली आहे. तीही यादी सर्वमान्य नाहीं. लिनियसनें रूप पाहिलें, व्हिटाकरनें अन्न घेण्याची रीत पाहिली, आजचे शास्त्रज्ञ वंश पाहतात. आणि वंशाचे नवे दाखले मिळत जातील तसतशा या सीमा हालत राहतील.

घरोघरीं मात्र एवढें ध्यानांत ठेवावें. पावसाळ्यांत अंगावर चट्टा उठला म्हणून मागच्या तापांतली उरलेली गोळी कोणाला देऊं नये. हा उपद्रव कोणत्या सृष्टींतल्या जीवाचा आहे, हें आधीं डॉक्टरांना विचारावें.