काजळीचे ओझे आणि आपला श्वास

(वार्षिक सभेतील प्रशासकीय मनोगत)



आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. रसायनशास्त्रावर आमचा अधिकार नाही. तरीही डिझेलच्या धुराविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी. कारण हा विषय आपल्या रुग्णालयाच्या फाटकापर्यंत आलेला आहे.

डिझेल इंजिनाची काजळी डोळ्यांना नुसती काळी पूड दिसते. वस्तुतः ती कार्बनच्या सूक्ष्म गोलकांची माळ असते. एक गोलक साधारण 20 ते 30 नॅनोमीटरचा. एका मिलिमीटरच्या ओळीत असे सुमारे चाळीस हजार गोलक मावतील. त्याच्या आत कार्बनचे थर कांद्याच्या पापुद्र्यांसारखे रचलेले असतात. अर्धवट जळालेले इंधन, वंगणतेल, गंधकाची संयुगे, धातूंचे अंश आणि बेंझोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्ये या गोलकांच्या पृष्ठभागाला चिकटतात. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर वजन अल्प, परंतु पृष्ठफळ अफाट : एक ग्रॅम काजळीचे पृष्ठफळ हजार चौरस फुटांच्या आसपास भरते. कार्बन हा केवळ हमाल. अपाय होतो तो बव्हंशी त्याच्या पाठीवरील ओझ्याने. हे कण फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना पुरता अडवू शकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून 2012 मध्ये डिझेलच्या धुराची गणना निश्चित कर्करोगकारकांत केली. आपल्या देशात एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानक लागू झाले. डिझेलमधील गंधक दहा लाख भागांत 50 वरून 10 भागांवर आले आणि नव्या वाहनांना काजळी अडविणारी गाळणी आली. तथापि जुने ट्रक व जनित्रे अद्याप चालूच आहेत. दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील ऊसतोड कुटुंबे लेकराबाळांसह ट्रक-ट्रॅक्टरमधून कारखान्यांकडे निघतात, ती याच धुरात श्वास घेत.

म्हणूनच तीन गोष्टी आपणांपुढे ठेवतो. रुग्णास घेऊन येणाऱ्या प्रत्येक वाहनाने थांबताच इंजिन बंद करावे. जनित्राची चाचणी बाह्यरुग्ण विभागाच्या वेळेत होऊ नये. आणि जनित्राची चिमणी नियमाबरहुकूम उंच असावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सूत्र सोपे आहे : जनित्राच्या केव्हीए क्षमतेचे वर्गमूळ काढून त्याचा पाचवा भाग इमारतीच्या उंचीत मीटरने मिळवावा. 100 केव्हीएच्या जनित्रास छपरापेक्षा 2 मीटर अधिक उंची लागते.

पहिल्या दोहोंस खर्च नाही, केवळ शिस्त हवी. तिसऱ्यास देणगीदारांचा हात हवा. उपचारासाठी आलेल्या दमेकऱ्यास आपल्याच अंगणात धाप लागू नये, एवढीच यामागील भावना. आपले साहाय्य नेहमीप्रमाणे लाभेल, असा विश्वास व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.