छत्तिसावा स्वयंसेवक



एकच लस दोघांनी घेतली, तरी दोघांच्या रक्तात सारख्या अँटिबॉडी तयार होतीलच असं नाही. वय, आहार, आधीचे आजार ही कारणं आपल्या परिचयाची आहेत. आईवडिलांकडून आलेल्या कारणाबद्दल, म्हणजे जनुकांबद्दल, मात्र फारसं बोललं जात नाही.

आपल्या बी-पेशी जनुकांचे तुकडे निवडून, जोडून अँटिबॉडी बनवतात. सुसुमु तोनेगावा यांना याच शोधासाठी १९८७ साली नोबेल मिळालं. या जुळवाजुळवीतून अफाट विविधता निर्माण होते. त्यामुळे मूळ तुकडे कोणाकडे कसे आहेत याने फारसं बिघडत नाही, असा समज बराच काळ होता.

एचआयव्हीवरच्या एका लसीच्या पहिल्या चाचणीने या समजाला चांगलाच धक्का दिला. ही चाचणी अमेरिकेत वॉशिंग्टन आणि सिएटल इथे झाली. एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांना रोखणारी व्हीआरसी०१ नावाची अँटिबॉडी आहे. तशा अँटिबॉडीच्या पूर्वज पेशी जाग्या करायच्या, एवढाच या लसीचा हेतू होता. लस मिळालेल्या ३६ जणांपैकी ३५ जणांत त्या जाग्या झाल्या. २०२२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा सगळ्यांनी या ३५ जणांचं कौतुक केलं आणि ते रास्तच होतं. मला मात्र छत्तिसावी व्यक्ती जास्त शिकवून जाते.

ही अँटिबॉडी चौदाव्या गुणसूत्रावरच्या आयजीएचव्ही १-२ या जनुकापासून बनते. तिच्या पन्नासाव्या जागी ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल असावं लागतं, कारण विषाणूला धरताना ते कामी येतं. जनुकाच्या काही रूपांमध्ये तिथे टीजीजी या अक्षरांऐवजी सीजीजी असतं. एका अक्षराचा फरक, पण ट्रिप्टोफॅन जाऊन आर्जिनिन येतं आणि पकड बसत नाही. छत्तिसाव्या व्यक्तीला आईकडून आणि वडिलांकडून, दोन्हीकडून अशीच रूपं मिळाली होती. लसीत खोट नव्हती, त्या शरीरातही नव्हती. ही लस ज्या पेशींना हाक मारत होती, त्या पेशी तिथे नव्हत्याच.

फ्लूच्या बाबतीतही असंच दिसतं. आयजीएचव्ही १-६९ या जनुकाच्या चोपन्नाव्या जागी फेनिलअॅलानिन आहे की ल्युसिन, यावर फ्लूच्या अनेक प्रकारांना रोखणाऱ्या काही अँटिबॉडी अवलंबून असतात.

जनुकांची ही रूपं जगभर सारख्या प्रमाणात आढळत नाहीत. त्यांच्या संदर्भयाद्या मात्र मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून तयार झाल्या आहेत. म्हणून लस आपल्याकडे येण्याआधी आपल्या लोकांची ही जनुकं वाचली गेली पाहिजेत, चाचणी फसल्यानंतर नव्हे.