अनेक वह्या, एक ताळेबंद

२०१८ सालच्या सप्टेंबर महिन्यांत मुंबईंतील एका मोठ्या वित्तसंस्थेस आपलीं कर्जें मुदतीस फेडतां येईनात. रस्ते, पूल, वीज अशा कामांस भांडवल पुरविणारी ही संस्था म्हणजे इन्फ्रास्ट्रक्चर लीझिंग अँड फायनॅन्शियल सर्व्हिसेस. तिच्या समूहाचें एकंदर कर्ज ९०,००० कोटी रुपयांहून अधिक होतें. थोड्याच आठवड्यांपूर्वीं तिच्या कर्जरोख्यांस सर्वोच्च पतमानांकन होतें. आणि त्या भरंवशावर कित्येक भविष्यनिर्वाह निधींची, म्हणजे पर्यायानें पगारदार कुटुंबांची, पुंजी तींत गुंतली होती. १ ऑक्टोबर रोजीं जुनें संचालक मंडळ दूर होऊन सरकारनियुक्त मंडळ आलें. त्या मंडळानें शोध घेतला तेव्हां समूहांतील संस्थांची संख्या साडेतीनशेच्या घरांत भरली. पूर्वींच्या समजुतीच्या ती जवळजवळ दुप्पट होती.

याहून बोधप्रद गोष्ट निराळीच आहे. २०१७-१८ या वर्षाच्या स्वतंत्र हिशेबांत या मूळ संस्थेस नफा दिसत होता. त्याच वर्षाच्या एकत्रित हिशेबांत मात्र हजार कोटींहून अधिक तोटा होता. संस्था एक, वर्ष एक, आणि उत्तरें दोन! हें कसें घडतें, हें समजण्यास एकत्रित हिशेब कसा तयार होतो तें पाहिलें पाहिजे.

एकत्र कुटुंबाचें उदाहरण घ्यावें. वडिलांनीं थोरल्या मुलास दुकानासाठीं शंभर रुपये उसने दिले. वडिलांच्या वहींत शंभर रुपये येणें, मुलाच्या वहींत शंभर रुपये देणें. परंतु शेजाऱ्यानें विचारलें कीं, "या घराची ऐपत किती?" तर हे शंभर रुपये कोणत्याच बाजूस धरतां येत नाहींत. पैसा एका खिशांतून दुसऱ्या खिशांत गेला, एवढेंच झालें. कंपन्यांच्या समूहासही हाच न्याय लागू पडतो. सूत्रधारी कंपनी व तिच्या उपकंपन्या कायद्यानें वेगळ्या व्यक्ति असल्या, तरी एकत्रित हिशेबांत त्यांस एकच घर मानावयाचें असतें.

ही पद्धति जुनी आहे. अमेरिकेंतील युनायटेड स्टेट्स स्टील कंपनीनें १९०२ सालचा एकत्रित हिशेब प्रसिद्ध केला, तो आरंभींच्या ठळक उदाहरणांपैकीं एक होय. भारतांत या विषयावरील हिशेबमानक २००१ सालीं निघालें, आणि २०१३ च्या कंपनी कायद्याच्या १२९ व्या कलमानें उपकंपन्या असलेल्या कंपनीस स्वतंत्र हिशेबाबरोबर एकत्रित हिशेबही वार्षिक सभेपुढें ठेवणें बंधनकारक केलें.

पहिलें काम म्हणजे घरांतलीं माणसें मोजणें. निम्म्याहून अधिक भाग हातीं असले म्हणजेच ताबा, असें नाहीं. त्या संस्थेचे महत्त्वाचे निर्णय कोण घेतो, तिच्या लाभहानीचा वाटेकरी कोण, आणि त्या निर्णयाधिकाराच्या जोरावर तो आपला लाभ कमीजास्त करूं शकतो काय, हे तीन प्रश्न विचारावे लागतात. तिन्हींचें उत्तर होकारार्थी आलें तर ती संस्था समूहांत धरावयाची. मग ती कंपनी असो, न्यास असो वा भागीदारी असो. येथें चूक झाली कीं पुढचा सारा हिशेब अपुरा पडतो.

दुसरें काम सर्वांच्या वह्या एका वळणास आणण्याचें. एकानें घसारा एका रीतीनें व दुसऱ्यानें दुसऱ्या रीतीनें काढला असेल, तर बेरीज निरर्थक होते. परदेशांतील उपकंपनीची मालमत्ता व देणीं वर्षअखेरच्या विनिमयदरानें, तर उत्पन्न व खर्च सामान्यतः सरासरी दरानें रुपयांत आणतात.

तिसरें काम बेरजेचें. उपकंपनींत साठ टक्केच हिस्सा असला तरी तिची मालमत्ता व देणीं पूर्णपणें मिळवितात, आणि उरलेल्या चाळीस टक्क्यांच्या धन्यांचा वाटा वेगळ्या ओळींत दाखवितात. जेथें ताबा नाहीं पण वजन आहे, म्हणजे साधारणतः वीस टक्के किंवा अधिक हिस्सा आहे, त्या सहयोगी कंपनीचा केवळ आपल्या वांट्याचा नफातोटा एका ओळींत येतो.

चौथें काम वजाबाकीचें, आणि खरें मर्म येथेंच आहे. समजा, सूत्रधारी कंपनीनें उपकंपनीस १०० कोटी रुपये दहा टक्क्यांनीं दिले. सूत्रधारीच्या वहींत १० कोटी व्याज जमा झालें. तिचें दुसरें उत्पन्न वा खर्च नाहीं असें धरल्यास तेवढा तिचा नफा. उपकंपनीस बाहेरून मिळालें ४ कोटी, बाहेर खर्च झाला १२ कोटी, आणि वर हें १० कोटींचें व्याज. म्हणजे तिला १८ कोटी तोटा. एकत्रित हिशेबांत १०० कोटींचें येणेंदेणें आणि १० कोटींचें व्याज दोन्हीं बाजूंनीं पुसलें जातें. उरतो तो बाहेरच्या जगाशीं झालेला व्यवहार, अर्थात् ८ कोटींचा तोटा. सूत्रधारीचा स्वतंत्र कागदच वाचणाऱ्यास १० कोटींचा नफा दिसतो. तो लटका नसतो, पण घरच्याच माणसाकडून आलेला असतो.

वित्तसेवा देणाऱ्या समूहांत आणखी कांहीं अवघड जागा आहेत. दिलेलें कर्ज बुडेपर्यंत वाट न पाहतां संभाव्य तोट्याची तरतूद आधींच करावी लागते. सामान्यतः हप्ता तीस दिवसांहून अधिक थकला म्हणजे जोखीम वाढली असें धरतात, नव्वद दिवसांहून अधिक थकला म्हणजे कर्ज बुडीतप्राय मानतात. कर्जांचा गठ्ठा एखाद्या न्यासास विकला, पण तोटा सोसण्याची हमी स्वतःच घेतली, तर तीं कर्जें वहींतून काढतां येत नाहींत. म्युच्युअल फंडांत लोकांनीं ठेवलेला पैसा व्यवस्थापक कंपनीचा नव्हे. तो सामान्यतः तिच्या मालमत्तेंत मिळवीत नाहींत. विमा उपकंपनीचा निधि ताळेबंदांत येतो, पण त्याबरोबर विमेदारांचें देणेंही येतें.

अर्थात् ही पद्धति म्हणजे सर्व रोगांवरील औषध नव्हे. बेरीज वह्यांइतकीच खरी असते. वर उल्लेखिलेल्या संस्थेचे व तिच्या दोन उपकंपन्यांचे मागील वर्षांचे हिशेब पुन्हां उघडण्यास राष्ट्रीय कंपनी विधि न्यायाधिकरणानें २०१९ च्या जानेवारींत परवानगी दिली, आणि त्याच वर्षीं जूनमध्यें सर्वोच्च न्यायालयानें ती कायम केली. तसेंच एकत्रित ताळेबंदांत दिसणारी रोकड कोणत्या उपकंपनीच्या पेटींत आहे, आणि ती दुसरीच्या धनकोस मिळेल कीं नाहीं, हें त्या एका आंकड्यावरून कळत नाहीं.

तथापि ज्या गृहस्थास आपली ठेव वा कर्जरोख्यांतील पुंजी अशा समूहांत ठेवावयाची आहे, त्यानें वार्षिक अहवालांतील चार गोष्टी तरी पहाव्या. स्वतंत्र नफा आणि एकत्रित नफा यांत अंतर किती? उपकंपन्यांची यादी किती लांब, आणि त्यांपैकीं तोट्यांत किती? आपसांतील व्यवहारांच्या टिपणींत घरच्याच मंडळींना दिलेलें कर्ज किती? आणि हिशेबतपासनिसानें कोठें आक्षेप नोंदविला आहे काय? एवढें वाचण्यास हिशेबशास्त्राची पदवी लागत नाहीं. एक संध्याकाळ पुरते. घरचा किराणा घेतांना यादी दोनदां पडताळणाऱ्या गृहिणीस हें काम मुळींच अवघड नाहीं. आणि आयुष्यभराची शिल्लक दुसऱ्याच्या हातीं देण्यापूर्वीं तेवढा वेळ काढणें अगत्याचें आहे.