तोंडीलावण्याचा हिशोब

(८ मार्चनिमित्त झालेल्या महिला मेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



आज मला विषय दिला आहे ‘घरकामाचं मोल’. मी बोलणार आहे बटाट्यांबद्दल.

आमच्या घरी चीज घालून भाजलेल्या बटाट्यांचं फार कौतुक आहे. फ्रान्समध्ये या प्रकाराला ‘ग्रातँ’ म्हणतात. एका रविवारी मुलानं मित्रांना जेवायला बोलावलं आणि म्हणाला, “आई, बटाटे कर ना. पाऊण तासाचं तर काम. पुस्तकात लिहिलंय.” मी पुस्तक उघडलं. खरंच, ‘वेळ : ४५ मिनिटे’ असं छापलेलं होतं. मग मी कॅलेंडरचं एक जुनं पान घेतलं आणि त्याच्या मागे घड्याळ बघून लिहीत गेले.

बटाटे, दूध, चीज आणायला ३० मिनिटं. किलोभर बटाटे धुऊन सोलायला १५. चकत्या करायला २०. चकत्या पातळ हव्यात, पण वेफर्सइतक्या नव्हेत. आणि कापल्यावर त्या धुवायच्या नाहीत, कारण त्यांच्या पिठूळपणानंच दूध दाट होतं. पाऊण लिटर दुधात लसणाच्या चार पाकळ्या ठेचून, मीठ-मिरपूड घालून त्या मंद आचेवर अर्धवट शिजवायला १५ मिनिटं. तिथून हलायचं नाही, दूध खाली लागतं. दीडशे ग्रॅम चीज किसून, लोणी लावलेल्या भांड्यात थर द्यायला १०. मग १८० अंशांवर ओव्हनमध्ये ४५ मिनिटं. तेवढ्या वेळात मी बसले नव्हते. पोळ्या आणि कोशिंबीर केली. बाहेर काढल्यावर १० मिनिटं मुरू द्यायचं, नाहीतर वाढताना सगळं पातळ ओघळतं. शेवटी भांडं आणि किसणी घासायला २०.

एकूण १६५ मिनिटं. पावणेतीन तास! पुस्तकानं फक्त ओव्हनचे कष्ट मोजले होते. बाईचे मोजायचे राहून गेले. आणि इतकं करून हा पदार्थ म्हणजे नुसतं तोंडीलावणं.

ते पान मी फ्रीजवर लावलं. मुलगा वरमला. पुढच्या रविवारी म्हणाला, “आज मी करतो.” केलं बरं का त्यानं! “किसणी कुठे? मीठ किती? झालं का बघ ना” असं चाललं होतं. चकत्या जाड झाल्या, मधले बटाटे कच्चे राहिले. तरी माझा नवरा पहिल्याच घासाला म्हणाला, “वा! पोरानं काय केलंय!” चोवीस वर्षांत माझ्या हातच्या आमटीला ही ‘वा’ मिळालेली नाही. आम्ही रोज करतो ते कर्तव्य, त्यांनी एकदा केलं की कला!

खरी गंमत पुढेच. जेवणं झाली आणि चीज करपून चिकटलेलं भांडं बेसिनमध्ये राहिलं. “भिजत घातलंय,” मुलगा म्हणाला. हे ‘भिजत घालणं’ तुम्हाला माहीत आहेच. सकाळी आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या ताई ते उचलणार होत्या. मी भांडं बाजूला काढून ठेवलं. माझ्या मुलाची समानता दुसऱ्या बाईच्या मनगटावर उभी राहणार असेल, तर ती मला नको. सोमवारी रात्री त्यानंच ते घासलं, अर्धा तास. तेव्हा मी त्याला सांगितलं, ‘ग्रातँ’ हा शब्दच मुळी खरवडण्यावरून आला आहे. भांड्याला धरलेला तो खरपूस थर खरवडून काढायचा, म्हणून ग्रातँ!

हे केवळ माझ्या घरचं नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, आणि जे पुरुष ते करत होते ते ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे आपली दहा मिनिटं कमी झाली, तर त्यांचीही नऊ झाली! २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अपघाती मृत्यूच्या भरपाईचा निकाल देताना याच पाहणीचा आधार घेऊन गृहिणीच्या कामाचं आर्थिक मूल्य धरलं पाहिजे असं सांगितलं. चांगलंच झालं. पण आपल्या कामाची किंमत कळायला आपण मरायलाच हवं का?

म्हणून एक विनंती. पुढच्या बैठकीला येताना एका कागदावर एकाच पदार्थाचा हिशोब लिहून आणा. पिठलं चालेल, भाकरी चालेल. बाजारापासून भांडं पालथं घालेपर्यंतची मिनिटं लिहा, आणि प्रत्येक मिनिटापुढे ते कोणाचं होतं तेही लिहा. मग तो कागद घरात सगळ्यांना दिसेल असा लावा. भांडणं होतील. होऊ देत. निदान ती भिजत तरी पडणार नाहीत.